पान एकोणीस

लॅपटॉपमधल्या माझ्या कॉलेजला कुणी विचारत नाही.
बर्फाळ गाव, गळकं व्यायामगृह, दर्जा ड उणे.
गेल्या हंगामात एकतीस सामने, सहा जिंकले;
त्यातला एक कसा, ते अजून कळलेलं नाही.

रात्री साडेअकराला, नऱ्ह्याच्या खोलीत,
नवले पुलाकडे उतरणारे ट्रक ब्रेक दाबत जातात
आणि मी पोरं शोधतो.

पहिल्या पानावर पंचतारांकित.
त्यांना फोन लावला की पडद्यावर एकच वाक्य येतं,
अतिशय सभ्य.
तीन वर्षं मी तिथंच गुण उधळले,
आठवड्याचे शंभरच्या शंभर एका देखण्या नेमबाजावर,
आणि तो गेला जिथं सगळेच जातात.

आता यादी शेवटून वाचतो.
पान एकोणीस. उंची आहे, हातात चेंडू राहत नाही.
किंवा हात आहेत, पण गुडघा फाडून शिवलेला.
तीनच नावं धरायची.
दर आठवड्याला जायचं, काही झालं तरी,
आणि मोठ्यांची नजर इकडं वळायच्या आत सांगायचं:
पहिल्या दिवसापासून खेळशील.
एवढं एकच आश्वासन आपल्याला परवडतं,
कारण आपल्याकडं दुसरं कुणी नाही.

असा मिळाला डेलमार हूपर.
सहा फूट दहा. फ्री थ्रो शंभरात एकतीस.

मे महिन्यात प्राचार्यांनी खरी यादी पुढं सरकवली.
बीएस्सी, विनाअनुदानित, क्षमता एकशेवीस,
गेल्या वर्षी भरले सदतीस.
"फिजिक्स टिकवायचं तर पोरं आणा, कुडले सर."
मी तासिका तत्त्वावर;
तास उरले तर मी उरणार.
बाकीचे रंगीत पत्रकं घेऊन कोथरूडला गेले,
एसीतल्या क्लासच्या दारात उभे राहिले,
सभ्य वाक्यं ऐकून परतले.

मी पाबे घाट चढून पलीकडं उतरलो.

अस्मिता रेणुसे. बारावी चोपन्न टक्के,
फिजिक्सला जेमतेम काठावर.
पण गावच्या पाणीयोजनेचा स्टार्टर जळला की
ऑपरेटर हिलाच हाक मारतो.
वडील शिवापूरच्या नाक्यावर रात्रपाळीला,
आई कौल लावत होती, उतरली नाही,
वरूनच म्हणाली, होस्टेल आहे?
नाही.
नोकरी लागते का?
सांगता येत नाही.
मग आहे काय तुमच्यात?
मी म्हटलं, प्रॅक्टिकलला यंत्र एकटीला मिळेल.
गर्दीच नाही आमच्याकडं.

चार रविवार गेलो. पेट्रोल माझं.
चौथ्या रविवारी पोरीनं पहिल्यांदा तोंड उघडलं:
सर, संध्याकाळची शेवटची एसटी किती वाजता सुटते?

त्या वर्षी एकेचाळीस भरले.
तुकडी वाचली, म्हणजे एका वर्षापुरती.
प्रयोगशाळेतल्या सातपैकी पाच गॅल्व्हानोमीटर
तिनं दिवाळीआधीच चालू केले;
उरलेल्या दोघांना, म्हणाली, जाऊ द्या.

आणि पुढच्या जूनमध्ये दारात उभी,
दाखल्याचा अर्ज हातात, नजर माझ्या चपलांवर.
मोठ्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला जागा निघाली होती.
होस्टेलसकट.
सोडण्याचे कारण, या रकान्यात काय लिहू सर?
पुढं जातीयेस ना, तेच लिही, म्हटलं,
आणि शिक्क्याची शाई वाळली होती, ती थुंकी लावून ओली केली.

डेलमारही गेला.
तीन वर्षं रोज संध्याकाळी त्याला फक्त रेषेवर उभा केला होता,
चौथ्या वर्षी मोठ्यांना तो दिसला.
पडद्यावर दोन ओळी: खेळाडूने बदली मागितली आहे.
ठीक आहे, असं बटण. दुसरं बटण नाही.

काल त्याचा नवा संघ आमच्याकडं आला.
हरलो, बावीस गुणांनी.
सामना संपल्यावर मी आकड्यांचा तक्ता उघडला,
आमचा नाही, त्यांचा,
आणि बोटानं त्याच्या नावापर्यंत गेलो.
फ्री थ्रो दहा.
आत नऊ.